सोबतीचे ऋण

कुत्र्याच्या इमानाविषयी मनुष्याने आजवर पुष्कळ लिहिले आहे. मनुष्याच्या इमानाविषयी दोन शब्द लिहिण्याची संधी मात्र कुत्र्यास कधी मिळाली नाही. ती मिळाली असती तर या जुन्या खातेवहीची दुसरी बाजूही उजेडात आली असती. त्या दुसऱ्या बाजूचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

बंगळूरच्या शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावचा एक वीरगळ आहे. वीरगळ म्हटला की ढाल-तलवार घेतलेला योद्धा आपल्या डोळ्यांपुढे येतो. या दगडावर मात्र एक कुत्रा रानडुकराशी झुंजताना कोरलेला आहे. लेख शके ८७२चा, म्हणजे इसवी सन ९४९-५० या काळातला. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास लेणे खोदविले, त्यांच्याच वंशातील तिसऱ्या कृष्णाने तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला. त्या युद्धात गंग राजा बूतुग त्याचा साहाय्यक होता, आणि मणलेर नावाचा वीर बूतुगाच्या पदरी होता. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन 'काय हवे ते माग' असे म्हटले गेले, तेव्हा त्याने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. 'काळी' नावाचा कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका प्रचंड रानडुकरावर सोडला गेला आणि दोघेही एकमेकांना मारून मेले. मणलेराने देवळापुढे दगड उभा केला, त्यासाठी जमीन लावून दिली, आणि दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला. हजार वर्षांपूर्वीची ही कृतज्ञता पाहून मन भरून येते. तथापि एक प्रश्न उरतोच. काळी स्वतः होऊन त्या डुकरावर गेला नव्हता. त्याला सोडणारा हात माणसाचा होता.

आपल्या रायगडावरील वाघ्याची कथा मराठी माणसास सांगावयास नकोच. समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही, आणि त्यामुळे १९३६मध्ये उभारलेल्या त्याच्या स्मारकाविषयी वारंवार वाद होत आले आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की इतिहास असो वा आख्यायिका, दोन्हींत मरतो तो कुत्रा आणि धन्य म्हणतो तो मनुष्य. मुक्या जनावराची निष्ठा आपणांस फार आवडते, याचे एक कारण असे असावे की तिचा खर्च आपल्या नावे पडत नाही.

या सर्व कथांत एकच कथा उलट्या दिशेने चालते, आणि ती आपल्याच महाभारतात आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन आणि भीमही पडतात. धर्मराज मागे वळून पाहत नाही. शेवटी उरतो तो हस्तिनापुरापासून मागे आलेला कुत्रा. इंद्राचा रथ येतो. रथात कुत्र्यास जागा नाही असे सांगितले जाते. आणि जो भावांसाठी थांबला नाही तो कुत्र्यासाठी थांबतो. येथे निष्ठेची कसोटी कुत्र्याची नाही, मनुष्याची आहे. तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता हे नंतर कळते. परंतु युधिष्ठिराने निर्णय घेतला त्या क्षणी त्याच्या दृष्टीने तो केवळ एक कुत्रा होता, आणि या कथेचे सारे मोल त्याच्या त्या अज्ञानात आहे.

इतकी थोर कथा आपल्या सामान्य जीवनास कशी लावावयाची? स्वर्गाचा रथ कोणाच्या दाराशी येत नाही. पण डोंगर चढणाऱ्यांस एक अनुभव सर्रास येतो. नंदीदुर्गाशेजारच्या स्कंदगिरीवर जा की सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर. पायथ्याच्या वस्तीतले एखादे कुत्रे न बोलावता बरोबर निघते. गेल्या दिवाळीच्या रजेत आम्ही तिघे बंगळूरहून देशी गेलो होतो, तेव्हा राजगडावरून तोरण्यास डोंगरधारेने जाण्याचा बेत केला. दोन्ही गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीचे. मधली वाट एका दिवसाची. गुंजवणे गावात एक तांबूस कुत्रा मागे लागला. रात्री पद्मावती माचीवर तो आमच्या उशाशी निजला, सकाळी संजीवनी माची ओलांडून तो आमच्या पुढे धारेवर उतरला, आणि पुढील कित्येक तास तोच वाटाड्या होऊन चालत होता. वळणावर थांबून तो मागे पाही आणि आम्ही दिसलो की पुन्हा निघे. उन्हाने खडक तापले तेव्हा आमच्या बाटलीतले पाणी चौघांत वाटले गेले.

तोरण्याच्या बुधला माचीवर चढताना एके ठिकाणी लोखंडी शिडी लागते. तो भित्रा नव्हता. पण शिडी ही वस्तू त्याच्या शास्त्रात नव्हती. तो खाली बसला आणि वर पाहू लागला. आमच्यातील एक गृहस्थ व्यवहारी. ते म्हणाले, "आपण त्याला बोलावले नव्हते. आल्या वाटेने जाईल घरी." दुसऱ्याने काही न बोलता चादर सोडली, कुत्र्याला पाठीशी बांधले आणि शिडीला हात घातला. संध्याकाळी आम्ही वेल्ह्यास उतरलो तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. कुत्र्याचे गाव डोंगररांगेच्या पलीकडे राहिले होते. जीप ठरवून त्याला गुंजवण्यास पोचविले, आणि या खटाटोपात पुण्याची शेवटची गाडी चुकली. एका अंगणात बसलेल्या म्हाताऱ्या बाई हसून म्हणाल्या, "त्याचं काय एवढं, साहेब! ज्याच्या पाठीवर पिशवी, त्याच्या मागं हा." आमचे व्यवहारी मित्र माझ्याकडे पाहून नुसते हसले.

त्यांच्या हसण्यात जो आक्षेप होता तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आक्षेप दुहेरी आहे. पहिला असा की, ज्याला आपण बोलावले नाही त्याचे आपण काही लागत नाही. करार दोघांच्या संमतीने होतो. दुसरा याहून बोचणारा आहे. त्या कुत्र्याची निष्ठा आमच्यावर नव्हतीच. ती भाकरीवर असेल किंवा भटकण्याच्या हौसेवर असेल. काल तो दुसऱ्यांचा होता, उद्या तिसऱ्यांचा होईल. मग कोणाच्या निष्ठेचे ऋण आम्ही फेडीत होतो?

पहिल्या आक्षेपास उत्तर असे की संमती केवळ शब्दांनी दिली जात नाही. पहिल्या मुक्कामी भाकरीचा तुकडा पुढे टाकला, दुपारी वाटीत पाणी ओतले, धुक्यात तो पुढे असल्याचा धीर वाटून घेतला, तेव्हाच आमची सही होऊन चुकली. सोबतीचा लाभ घेईपर्यंत 'आमचा कुत्रा' आणि शिडी आली की 'गावचा कुत्रा', हा हिशेब कोणत्याही तपासनिसापुढे टिकणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर शोधताना मात्र सोबतीविषयीची आपली एक लाडकी समजूत सोडावी लागते. प्रेमाचे ऋण प्रेमाने फेडावे, हे ठीक. पण ज्याचे आपल्यावर विशेष प्रेम नाही त्याचे आपल्यावर ऋणच नाही, हे अनुमान चूक आहे. कुत्र्याच्या मनात काय होते यावर आमचे कर्तव्य अवलंबून नव्हते. आमच्या मागे येऊन तो कोठे पोचला, यावर ते अवलंबून होते. गुंजवण्याच्या माळावर तो स्वतंत्र होता, शिडीखाली तो परावलंबी झाला, आणि ही अवस्था आमच्या चालण्याने त्याला आणली होती. रात्रीच्या रानात एकट्या कुत्र्यास बिबळ्याचे भय असते, हे डोंगरी मुलखातले पोर देखील जाणते.

मात्र कर्तव्य उत्पन्न झाले म्हणून ते अमर्याद होत नाही. आमच्यापैकी एकाच्या मनात त्याला बंगळूरास न्यावे असेही येऊन गेले. वरवर पाहता ती दया. पण तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडात डोंगरचा कुत्रा ठेवणे ही दया त्याच्यावर की आपल्या हळवेपणावर? जनावरास आपली भूमी असते, तिच्या वाटा आणि तिचे वास त्याला ठाऊक असतात. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही शस्त्रक्रिया झालेल्या भटक्या कुत्र्यास जेथून पकडले त्याच परिसरात सोडावे असा सर्वसाधारण दंडक आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये अशा जागांपुरता त्यास अपवाद केला. एका दिवसाच्या सोबतीचे ऋण आयुष्यभराच्या मालकीने फेडावयाचे नसते. ज्या उंबऱ्यावरून त्याला हलविले त्या उंबऱ्यावर त्याला सुखरूप पोचविले की ते फिटते. पण त्याहून कमी दिले तर फिटत नाही.

आपणां बदलीच्या माणसांस हा विवेक विशेष उपयोगी आहे. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधावयाचे हे ठाऊक असल्यामुळे आपण दोहोंपैकी एका टोकास जातो. काहीजण कोठेच जीव लावीत नाहीत. शेजाऱ्याची भाषा शिकत नाहीत, अंगणात झाड लावीत नाहीत, मुलांनी आणलेले पिल्लू त्याच सायंकाळी परत पाठवितात. काहीजण मुक्तहस्ते जीव लावतात आणि बदलीचा हुकूम हाती पडताच 'नाइलाज' या एका शब्दाने सारे मिटवून गाडीत बसतात. क्वार्टर रिकामे होते. फाटकापाशी एखादे कुत्रे दोन दिवस बसून राहते. घरकाम करणाऱ्या बाईस पुढच्या महिन्याचे काय हे कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक या दोहोंमधला मार्ग आपल्याच कचेरीत आपण रोज पाहतो. कार्यभार सोपविल्यावाचून कोणी अधिकारी खुर्ची सोडीत नाही. किल्ल्या मोजून दिल्या जातात, नोंदवहीतील मोडक्या खुर्चीचीही मोजदाद होते, देणारा सही करतो आणि घेणाराही करतो. आपण कायमचे नव्हतो याची त्यात कोणास लाज वाटत नाही. कायमचे नसणे हा अपराध नव्हेच. अपराध आहे तो न सोपविता निघून जाण्याचा. मोडक्या खुर्चीस जे लाभते ते आपल्या पावलांच्या आवाजावर कान टवकारणाऱ्या जिवास का लाभू नये? त्याच्यासाठी नवे घर पाहणे, शेजाऱ्याशी स्पष्ट बोलणे, बाईस पुढील काम मिळवून देणे, याला थोर मनाची गरज नाही; चार दिवस आधी आठवण होण्याची गरज आहे.

युधिष्ठिराची कथा ऐकताना आपणांस वाटते की धर्म ही फार उंचावरची वस्तू आहे. ती उंचावर घडली, हे खरे. परंतु तेथे त्याने केले काय, तर जो बरोबर आला होता त्याला सोडून पुढची पायरी चढण्यास नकार दिला. अशी पायरी प्रत्येकाच्या वाटेवर असते, आणि ती चढण्यापूर्वी एकदा खाली पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.