धार कुणी लावली?

बीडकडे ‘यंदा गावातून किती कोयते गेले?’ असं कुणी विचारलं तर तो माणसं मोजत असतो. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीच्या आगेमागे हे कोयते लेकराबाळांसकट कारखान्यांच्या दिशेनं निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी परततात. गडी बुडख्याशी वाकून ऊस तोडतो, बाई पाचट सारून मोळी बांधते. दोन जिवांचं सहा महिन्यांचं पोट ज्या हत्याराच्या नावानं ओळखलं जातं, ते हे हत्यार.

पुण्यात तोच शब्द उच्चारला की ऐकणारा पुढचा शब्द स्वतःच जोडतो: गँग. गेल्या काही वर्षांत आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी ही जोडी इतकी घोटवली आहे की कोयत्याचा उसाशी काही संबंध होता, हे शहरातल्या मुलाला सांगावं लागतं. खरं तर यातल्या बऱ्याच ठिकाणी गँग म्हणावी असं काही नसतंच. चौकातली पाच-सहा पोरं, दोन दुचाक्या, रात्री फोडलेल्या दहा-वीस गाड्यांच्या काचा आणि त्याचं चित्रीकरण. आपण त्याला गँग म्हटलं आणि त्या पोरांना फुकटात दर्जा मिळाला. सरकारी कागदात यांच्यातल्या अठराच्या आतल्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हा शब्द लिहिणाऱ्या हवालदाराची मला नेहमी दया येते.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी कालव्याकडच्या एका वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. शिकवतो म्हणणं जास्त होईल. वह्या बघतो, भांडणं सोडवतो, शेवटी दिवे बंद करतो. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलाचं दप्तर भिंतीला टेकून उभं राहीना. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा फरशीवर आपटलं तेव्हा आवाज वह्यांचा नव्हता. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वरून रबर लावलेला कोयता होता. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, घामानं गुळगुळीत झालेली.

‘‘आईचा आहे,’’ तो म्हणाला.

आईवडील पूर्वी तोडीला जायचे. वडील गेल्यावर अर्ध्या कोयत्यावर निभेना, म्हणून आई पोराला घेऊन शहरात आली. आता ती एका सोसायटीत तीन घरची कामं करते. कोयता पेटीमागे पडून असायचा, नारळ सोलण्यापुरता बाहेर यायचा.

‘‘कशाला आणलास?’’

‘‘कापायला नाही सर. दाखवायला.’’

मग मी जे करू नये ते केलं. कोयता काढून घेतला आणि वीस मिनिटं बोललो. पोलीस, आयुष्याचं वाटोळं, आईचे कष्ट, सगळं. तो मान हलवत राहिला. त्यानंतर तीन आठवडे तो अभ्यासिकेत फिरकला नाही.

कोयता त्याच्या आईला नेऊन दिला. तिनं तो दारातल्या उजेडात धरला, जाणकार माणूस फिरवतो तसा अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘सर, ही धार कुणी लावली?’’ नारळाच्या शेंड्या काढून काढून तो बोथट झालेला होता, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणजे मुलानं तो कुणाकडून तरी, किंवा स्वतः बसून, कानस मारून घेतला होता.

दाखवायच्या वस्तूला धार कशाला लागते? हा प्रश्न मला बरेच दिवस सुटला नाही. मुलगा खोटं बोलला असेल असंही वाटलं. आता वाटतं, तो खरंच सांगत होता. त्याला दाखवायचाच होता. पण दाखवूनही समोरचा हसला तर? समोरच्यानं त्याच्याकडचा काढला तर? भीती हिशेब करत करत पुढे जाते आणि त्या हिशेबाच्या शेवटी धार असते. त्याला मारायचं कुणालाच नव्हतं. त्याला मार खायचा नव्हता. पण ‘मार खायचा नाही’ म्हणून जवळ बाळगलेलं पातं बाहेर निघालं की ते हेतू विचारत नाही. मांडीवर वार केला तर माणूस मरत नाही, अशी एक समजूत या वयात पक्की असते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ‘फक्त धाक दाखवायला मारलं’ हे वाक्य ऐकायला तो उरत नाही.

भीती कशाची होती, ते मला फार उशिरा कळलं, कारण मी ते विचारलंच नव्हतं. तपशील अगदी क्षुल्लक वाटेल असा आहे. अभ्यासिका सातला सुटायची. घरी जायच्या वाटेत एक चौक. तिथल्या पोरांशी याचा कधीतरी ‘मॅटर’ झालेला. कुणीतरी कुणाच्या स्टोरीवर हसण्याचं चिन्ह टाकलं, मग खुन्नस, मग ‘आडवा ये, बघतो’. मोठ्यांना यात सांगण्यासारखं काही दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलासाठी मात्र तो चौक रोज संध्याकाळी सातला तिथं असतो.

पोलिसांनी काही केलं नाही असं नाही. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयते विकणाऱ्या दुकानांवर कारवाई झाली, घेणाऱ्याचं आधार कार्ड बघून नोंद ठेवा असं दुकानदारांना सांगण्यात आलं. हेतू चांगला. पण शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांवर जे बंधन आहे, त्यातून घरगुती आणि शेतीची अवजारं मुळातच वगळलेली आहेत. वगळावीच लागणार, नाहीतर अर्ध्या महाराष्ट्रावर खटले भरावे लागतील. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या कोयत्याला आधार कार्ड कोण मागणार होतं? तो आईच्या पेटीमागून आला होता.

मला जास्त खटकते ती धिंड. दहशत माजवणाऱ्यांना पकडून त्याच चौकातून लंगडत, कान धरून फिरवायचं आणि लोकांनी गॅलरीतून टाळ्या वाजवायच्या. ज्यांच्या गाड्या फुटल्या, ज्यांच्या अंगावर वार झाले, त्यांना त्यानं क्षणभर बरं वाटतं. त्यांचा राग खोटा नाही, आणि तो या मुलांबद्दलच्या माझ्या कळवळ्यापेक्षा आधी ऐकला जायला हवा, हेही मान्य. पण शिक्षा न्यायालयानं द्यायची असते, चौकानं नव्हे. अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायद्यानं गुन्हाच आहे. त्याहून वाईट म्हणजे धिंडीनं काम साधत नाही. ज्याला सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटत होतं, त्याच्याकडे सगळे बघतात. आठ दिवसांत त्याच चित्रफितीला गाणं लागतं आणि ती रील होऊन फिरते. धाकट्या पोरांना त्यात मान खाली घातलेला भाई दिसत नाही, फक्त भाई दिसतो.

बघ्यांचं म्हणाल तर २७ जून २०२३ ची सदाशिव पेठ आठवा. हल्लेखोर अल्पवयीन नव्हता, पण हातात कोयताच होता. भर सकाळी एक मुलगी जीव घेऊन धावत होती आणि माणसं बाजूला होत होती. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलानं मोकळ्या हातांनी तो कोयता अडवला. त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. बाजूला झालेल्यांबद्दल कुणी फार बोललं नाही, कारण तिथं असतो तर आपण कुठं असतो, हे ज्याचं त्याला माहीत होतं.

धिंडीऐवजी दुसरं काय करता येतं? स्कॉटलंडमधलं ग्लासगो हे एके काळी सुऱ्यांचं शहर म्हणून कुप्रसिद्ध होतं. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोहन ही त्यामागची दोन माणसं. हिंसा हा साथीचा रोग समजून तिच्याशी वागायचं, अशी त्यांची भूमिका. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयात बोलावलं. खटला चालवायला नव्हे, ऐकायला. पोलिसांनी आधी सांगितलं की तुम्ही कोण आहात ते आम्हाला ठाऊक आहे, यापुढे एकानं केलं तर सगळी टोळी उचलू. मग शल्यचिकित्सक बोलले, मग एका मुलाची आई बोलली. आणि जाताना एक फोन नंबर दिला: सोडायचं असेल तर यावर फोन करा, काम, शिक्षण, व्यसनमुक्ती, जे लागेल ते बघू. पुढं तर जखमी होऊन आलेल्या पोराच्या खाटेशेजारी इस्पितळातच माणूस बसू लागला, कारण टाके पडत असताना माणूस जितकं ऐकतो तितकं एरवी ऐकत नाही. शिक्षाही कडक झाल्या, झडत्याही वाढल्या. दहाएक वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्याहून खाली आले. ग्लासगो म्हणजे पुणे नव्हे, हे मला कळतं. पण न्यायालयातली ती खोली आणि आपली धिंड शेजारी ठेवून बघावी. दोन्हीकडे पोलीस आहेत, दोन्हीकडे दम आहे. नंबर एकीकडेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुजबुजत बोलली जाते. ‘तू करून टाक, तुला काय होत नाही, तू अठराच्या आतला आहेस’ असं सांगणारा कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांचा दादा बऱ्याच प्रकरणांत मागं उभा असतो. बाल न्याय कायद्याच्या ८३ व्या कलमात बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. मुलांचं वय सोळावर आणा अशी मागणी करणाऱ्यांनी हे कलम किती वेळा लावलं गेलं, ते आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणाऱ्या दादाचा फलक आपल्याच चौकात लागतो आणि ‘शुभेच्छुक’मध्ये आपल्याच ओळखीची नावं असतात. धार लावणारे हातही कधी कधी आपल्या ओळखीचे असतात.

तो मुलगा चौथ्या आठवड्यात परत आला. मी बोललो नाही. वही बघितली, बीजगणितातली एक चूक दाखवली आणि निघताना विचारलं, ‘‘कुठल्या रस्त्यानं जातोस रे घरी?’’ त्यानं आधी टाळलं, मग सांगितलं. दोन-तीनदा मी त्याच्याबरोबर त्या चौकातून चालत गेलो. त्या पोरांतला एक जण मला ‘काका, टाइम काय झाला?’ म्हणाला, बस, एवढंच. त्याच्या दप्तरातही काही असेल का, हे मी बघितलं नाही. त्याचा रस्ता कुठला, हे विचारायचं अजून राहिलं आहे.

वाचकांना एक विनंती. या आठवड्यात घरातल्या, वर्गातल्या, कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला हा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दप्तर नंतर तपासता येईल.

आमची अभ्यासिका आता सातऐवजी साडेपाचला सुटते.