घर माझे, भिंत कोणाची?



ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार पूर्वेला एका चार मजली इमारतीचा भाग कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. इमारत २०१२ सालची. महापालिकेने ती अनधिकृत असल्याचे सांगितले आणि मग नेहमीचे बोलणे सुरू झाले. अशा ठिकाणी घर घेतलेच कशाला? कागदपत्रे पाहायला नकोत का? मेलेल्या माणसांवरच दोष टाकला की आपण मोकळे होतो.

प्रभू येशूच्या काळातही असेच एक बांधकाम पडले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाचा उल्लेख आहे. त्याखाली १८ जण सापडले. ते इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका, असे प्रभू स्पष्ट सांगतो आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो. गेलेल्यांचा हिशेब करू नका, तुमचे काय ते पाहा.

तर आपले पाहू. वसई-विरारमध्ये नव्वदच्या दशकात धडाधड इमारती उभ्या राहिल्या. त्यांची तिशी आता भरली आहे किंवा भरत आली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे ही मालकाची किंवा तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी आहे, त्यानंतर दर दहा वर्षांनी पुन्हा. इमारत धोकादायक वाटली तर ती दुरुस्त करण्याची, रिकामी करण्याची किंवा पाडण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. तपासणीनंतर इमारतींचे वर्ग ठरतात. ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, ‘सी-२ बी’ म्हणजे माणसे आत असताना दुरुस्त करता येईल अशी, आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजीची.

कायदा आहे. पण विरारची ती इमारत पडली तेव्हा जेमतेम १३ वर्षांची होती. तिशीचा नियम तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. भिंतीला तडा गेला, पिलरमधून गंजलेली सळई दिसू लागली, की ते सर्वांत आधी कळते घरात राहणाऱ्याला. अधिकारी येईल तेव्हा येईल. म्हणून पहिला नैतिक प्रश्न महापालिकेच्या दारात नसून आपल्या उंबरठ्याच्या आत आहे.

जुन्या करारातील लेवीयचा चौदावा अध्याय आपण सहसा वाचत नाही. महारोगाचे नियम म्हणून पाने उलटतो. त्याच अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्यांचे नियम आहेत. चट्टा दिसला की घरमालकाने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे, की घरात काहीतरी चट्ट्यासारखे दिसते आहे. सांगणे मालकाचे काम, निर्णय याजकाचा. आपण नेमके उलटे करतो. निर्णय स्वतःच देऊन टाकतो (“काही नाही हो, नुसते प्लास्टर पडले आहे”) आणि सांगत कोणालाच नाही. सांगितले तर फ्लॅटचा भाव पडेल, मुलीच्या लग्नासाठी विकायचा आहे, सोसायटीत वाईटपणा येईल. ही कारणे खोटी नाहीत. पण वरच्या मजल्यावर ज्याच्या स्लॅबला गळती आहे, त्याच्या गप्प बसण्याची किंमत खालच्या मजल्यावरचा देतो.

याजक तरी लगेच घर पाडत नाही. सात दिवस बंद ठेवतो, पुन्हा पाहतो. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढायला लावतो, भिंती खरवडून नवा गिलावा करायला सांगतो. तरीही तो परत आला तरच घर पाडायचे. आणि एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. याजक तपासायला येण्यापूर्वी घरातले सामान बाहेर काढायचे असते, म्हणजे निर्णय कोणताही झाला तरी आतल्या वस्तू अशुद्ध ठरू नयेत. याजकाला घर पाडण्याचा अधिकार देणारा हाच कायदा, पण त्याने आधी घरातल्या भांड्याकुंड्यांचा विचार केला आहे.

आपल्याकडे नियमाची ही दुसरी बाजूच नाहीशी होते. जूनमध्ये भिंतीवर नोटीस चिकटते. ‘इमारत रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार राहाल.’ साहेबांच्या फाइलीत पोच लागते. पुढे एखाद्या रात्री काही झालेच, तर नोटीस दिली होती, असे सांगता येते. अशी नोटीस आत राहणाऱ्या माणसांपेक्षा ती देणाऱ्यालाच अधिक वाचवते, आणि याला कर्तव्य म्हणणे मला जमत नाही. भर पावसात वृद्ध आईला आणि दोन मुलांना घेऊन एखाद्या विधवेने जायचे कुठे? डिपॉझिट कोण देणार? तिने घर सोडले नाही म्हणून तिला अडाणी, हट्टी म्हणणारे आपण बहुधा स्वतःच्या पक्क्या छताखाली बसलेलो असतो.

मग अधिकाऱ्याने दुर्लक्ष करावे का? आपल्याकडे याला दया म्हणतात. नगरसेवकाला फोन होतो, कधी कधी फादरांकडेही चिठ्ठी मागायला माणसे येतात, की जरा सांभाळून घ्या, गरीब आहेत. मनात प्रेमच असते. पण पडणाऱ्या स्लॅबला फादरांची सही वाचता येत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. इथे मालकाचा हेतू चांगला होता की वाईट, हे विचारलेलेच नाही. कठडा होता की नव्हता, एवढेच विचारले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिकवले, की माणसाच्या मालकीचे जे आहे ते त्याने केवळ स्वतःचे न मानता इतरांच्याही उपयोगाचे मानावे. हे वाचताना आपल्यासमोर मोठे जमीनदार येतात. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत “मेंटेनन्स वाढवायचा नाही” म्हणून आवाज चढवणारेही यात येतात. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के किमान धरायचे असतात. बहुतेकांना ते जड जाणार नाहीत. सर्वांत मोठा विरोध अनेकदा तिथे न राहता दोन-तीन फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांचा असतो, हे आपण पाहतोच. भाडेकरूंसाठी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तरतूद आहे. मालकाने नोटीस मिळूनही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या भागापर्यंत रक्कम वळती करू शकतो. किती जणांना हे ठाऊक आहे?

गावातल्या जुन्या कौलारू घरांची कथा वेगळी. चार भावंडांचे नाव सातबाऱ्यावर, एक परदेशी, दोघांत बोलणे नाही. जो डागडुजी करील तो हक्क सांगेल, या भीतीने कोणीच हात लावत नाही. गल्लीकडची भिंत दर पावसाळ्यात थोडी अधिक कलते. शाळेची मुले त्याच भिंतीच्या कडेने जातात. वाटणीचा दावा वीस वर्षे चालला तरी चालेल. भिंतीला टेकू देण्यासाठी चौघांच्या सह्यांची गरज नसते.

आपल्या धर्मग्रामात सिव्हिल इंजिनिअर आहेत, कंत्राटदार आहेत. काहींचे फ्लॅट वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. यंदा पावसाळ्याआधी एखाद्या कुटुंबाला घर सोडावे लागले, तर सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधूंना तीन महिन्यांच्या भाड्यासाठी घरोघर फिरावे लागणार. त्यातली एक किल्ली त्यांच्या हाती आधीच आली, तर त्या घरचे सामान पाऊस सुरू होण्यापूर्वी हलवता येईल.