धरलेलं सुटतं कसं?

सकाळी देवापुढे दिवा लावायला काडी ओढली. काडीपेटीच्या कडेचा तो तपकिरी पट्टा म्हणजे काचेच्या भुकटीत कालवलेला तांबडा फॉस्फरस. जाळ क्षणात होतो, पण त्यामागचा फॉस्फरस सहजी हाती येत नाही.

फॉस्फेटच्या दगडात तो कॅल्शियम आणि ऑक्सिजनच्या घट्ट मिठीत असतो. दगड, वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे 1500 अंशांवर तापवतात. कोक ऑक्सिजनला आपल्याकडे ओढतो, वाळू कॅल्शियमला धरून काचेसारखा रस होते नि तळाशी राहते. मग फॉस्फरस वाफ होऊन निघतो. ती वाफ पाण्याखाली थिजवतात. हवेत ठेवली तर पेट घेईल.

आमच्या बीदरच्या पठारावर, जांभ्याच्या तांबड्या मातीतही फॉस्फरस असतो, पण पुष्कळसा लोखंडाच्या मुठीत. पिकाच्या मुळाशी असून तोंडी लागत नाही. तुरीचं मात्र वेगळं. इथून हैदराबादकडे जाताना लागणाऱ्या पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी 1990 साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते मांडलं. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल पाझरतात. ते लोखंडाला बिलगतं आणि मूठ सैल पडते. ना भट्टी, ना वीज. वेळ तेवढा लागतो. मृगात पेरलेली तूर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, आपण शेतात भज्जी-अंबील घेऊन बसतो तेव्हा कुठे शेंगांनी लगडलेली असते.

भट्टी आणि मूळ, दोघांच्या रीती किती निराळ्या! तरी एक गोष्ट सारखी. फॉस्फरसला हिसका कुणीच देत नाही. ज्यानं तो धरलाय, त्याला धरायला दुसरं काहीतरी मिळतं, आणि धरलेलं आपोआप सुटतं.

माणसाचंही असंच असावं. कुणी जुना राग धरून बसलेला, कुणी गेलेल्या माणसाचं दुःख. आपण म्हणतो, ‘सोड आता.’ मूठ आणखी आवळते. पण त्याच मुठीत कुणी नातवाचं बोट दिलं, खुरपं दिलं, की ती कधी उघडली ते त्यालाही कळत नाही.

आज कुणाला ‘सोडून दे’ म्हणण्याआधी पाहावं, त्याच्या हाती द्यायला आपल्याजवळ काय आहे.