असे समजते

मराठीतले सर्वांत निर्धास्त क्रियापद कोणते, असे कुणी विचारले तर मी बेलाशक 'समजते'कडे बोट दाखवीन. इतर क्रियापदांना कुणीतरी कर्ता लागतो. राम जातो, सीता गाते. वर्तमानपत्रातल्या 'समजते'ला कुणीच लागत नाही. 'मंत्रिमंडळात लवकरच फेरबदल होणार असल्याचे समजते.' कुणाला समजते? कुणी सांगितले? विचारायची सोय नाही. शाळेत आम्ही वाक्यातला कर्ता शोधता शोधता छड्या खाल्ल्या. या वाक्यापुढे मास्तरांनीही छडी खाली ठेवली असती.

जुनी वर्तमानपत्रे चाळायचा मला नाद आहे. (घरात याला 'रद्दी हुंगणे' म्हणतात.) बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हापासून आजवर काय काय बदलले! खिळे गेले, पडदे आले. 'समजतें'च्या डोक्यावरचा अनुस्वारसुद्धा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उडवला. पण खुद्द 'समजते' जिथल्या तिथे!

जुन्या बातमीदाराची अडचण मात्र खरी होती. विलायतेची खबर गलबताने यायची, ती कित्येक महिन्यांनी. गावाकडचे पत्र पायी चालत यायचे. तेव्हा 'अमुक गांवीं पटकीचा उपद्रव सुरू झाल्याचें समजतें' असे तो लिही, त्याचा अर्थ सरळ होता : बाबांनो, मी काही पाहून आलेलो नाही. आपल्या आजीचे 'म्हणे' याच जातीचे. 'शेजारची सून माहेरी गेली म्हणे.' त्या 'म्हणे'मध्ये चहाडी असेल, पण लबाडी नाही. ऐकीव माल ऐकीव म्हणूनच विकला जातो. 'समजते' म्हणजे तेच 'म्हणे', फक्त कोट-टोपी घातलेले. आणि कोट घातला की माणूस काय, शब्द काय, थोडा ताठतोच.

आपल्या न्यायशास्त्रात याचा केव्हाच खल झालेला आहे. 'शब्द' हे प्रमाण खरे, पण तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे जाणता आणि खरे बोलणारा. (मराठीत आप्ताचा अर्थ नातेवाईक झाला, तेव्हापासून या प्रमाणाची पत बसली असावी.) आणि 'या वडावर यक्ष राहतो' हे सगळे गाव सांगते, पण पहिल्यांदा कुणी सांगितले ते कुणालाच ठाऊक नाही, त्याचे काय? त्याला 'ऐतिह्य' म्हणत. नैयायिक म्हणाले, हे काही निराळे प्रमाण नव्हे, शब्दातच आले. म्हणजे फिरून प्रश्न तोच : शब्द कुणाचा?

या प्रश्नाचे उत्तर मराठी वृत्तपत्रांना १८८२ साली कोर्टात मिळाले. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तिथल्या तरुण छत्रपतींचा छळ करवतात, अशी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'कर्त्यांच्या हाती आली. त्यांवर विसंबून मजकूर छापला गेला. पत्रे निघाली बनावट! अब्रुनुकसानीचा खटला झाला, माफीही मागून झाली, तरी चार महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली. न्यायाधीशाला व्याकरण पक्के येत असावे. त्याने 'समजते'चा कर्ता शोधून काढला. आणि एक नव्हे, दोन सापडले : टिळक आणि आगरकर. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी प्रत्यक्षात काढले ते दिवस १०१. आगरकरांनी त्यांवर पुस्तक लिहिले आणि तो आकडा नावातच घातला.

मग काय, सांगणाऱ्याचे नाव छापले की बातमी शुद्ध झाली? तसेही नाही. १९७५ साली आणीबाणीत छापण्याआधीच मजकूर तपासला जाई. सरकारी बातमीला नाव, गाव, हुद्दा, शिक्का सगळे असे. सत्य तेवढे रजेवर. काही पत्रांनी तर अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेतून जे समजले, ते भरलेल्या पानांतून समजत नव्हते! शिवाय एखाद्या गरीब कारकुनाने जिवावर उदार होऊन साहेबाचे लफडे सांगितले, तर त्याचे नाव छापून त्याच्या चुलीत पाणी ओतायचे काय?

तेव्हा सांगणाऱ्याचे नाव जरूर झाका. पण त्याच्या जागी स्वतःची मान ठेवा, एवढेच माझे म्हणणे. 'समजते' लिहिणाऱ्याने मनातल्या मनात 'मला' हा शब्द लावून पाहावा. 'मला असे समजते.' बघा, लेखणी कशी एकदम जड होते!

हल्ली तर छापखान्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर दर सकाळी कुणीतरी नवा यक्ष पाठवतो आणि खाली लिहितो, 'जसे आले तसे पुढे पाठवले.' वा! म्हणजे हा नुसता पोस्टमन. पण पोस्टमन पाकीट फोडून, वाचून, तिखटमीठ लावून गल्लीभर वाटत नाही.

वडावर यक्ष असेलही. नसेल असे तरी मी कोण सांगणार? पण जो सांगतो, त्याने निदान एक अमावास्या त्या पारावर काढून यावी. मग खुशाल सांगावे. आम्ही ऐकू.