चांदोलीला निघण्याआधी

दिवाळी सरली, भात घरात आलं, की धामापुरात सहलीचे बेत सुरू होतात. यंदा राष्ट्रीय उद्यान बघू, असं कुणीतरी म्हणतं आणि नाव निघतं चांदोलीचं. स्वेटर, दुर्बीण, डबे यांची यादी होते. पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "वाघ दिसतलो मां?"

२००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असलेलं हे रान तशी हमी देत नाही. पावसाळा नुकताच संपलेला, गवत उंच, पाणी जागोजागी. एकाच पाणवठ्यावर जनावरं यावीत कशाला? वाघाची हमी नसणं मला तर बरंच वाटतं.

चांदोलीत बघायचं ते उठलेल्या गावांची शेतं. धरण आणि अभयारण्य यांच्यापायी माणसं गेली, शेतांची कुरणं झाली, तिथं आता गवे चरतात. आपलं धामापूरचं तळंही माणसानंच बांधलेलं, नागेश देसाई यांनी १५३० साली. पण त्याच्या काठी आपण अजून नांदतो आहोत. म्हणून तिकडे वाटाड्या भेटला, की वाघाआधी त्याला एवढंच विचारा: हे खळं कुणाचं होतं, आणि ती माणसं आता कुठं राहतात?