आईचा सोबती

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, ५८० आणि ६८० हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात तिथे डब्लिन वसलं आहे. संध्याकाळी इथल्या एमराल्ड ग्लेन पार्कमध्ये साडीखाली स्पोर्ट्स शूज आणि वर लेकाचं जुनं जॅकेट घातलेल्या आज्या बाबागाड्या ढकलताना दिसतात. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून बाळंतपणाला आधी सुनेची आई आणि मग सासू, अशी पाळी लागते. यात माया असतेच. पण बाई साठीची झाली, नवरा गेला, की नातवंडं एवढाच तिच्या जगण्याचा अर्थ, हे आपण परस्पर ठरवून टाकलं आहे. मला तो अन्याय वाटतो.

माझ्या ओळखीच्या एक काकू इथे लेकाकडे येतात. वय ६७. पुण्यात त्यांचे एक स्नेही आहेत, तेही एकटेच. उन्हाळ्यात इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले सकाळचे साडेसात. ते चहा घेत असतात, काकू पार्कात फेऱ्या मारत असतात, आणि गुडघेदुखीपासून आदल्या रात्रीच्या मैफलीपर्यंत सगळं बोलणं होतं. फोनमध्ये त्यांचं नाव ‘सोसायटी ऑफिस’ म्हणून सेव्ह केलेलं आहे. मुलाच्या हाती फोन लागला तर? याच मुलाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर त्याच्या बाजूने उभी राहिली ती ही आईच.

१८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्या काळच्या सुधारकांनी विधवेची बाजू मांडली ती मुख्यतः तिच्या कोवळ्या वयाच्या आधारे: उभं आयुष्य पुढे आहे, ते कसं काढायचं? तो लढा मोठाच होता. पण संसार करून झालेल्या, मुलं हाताशी आलेल्या बाईलाही कुणाची ओढ वाटू शकते, याला त्या युक्तिवादात जागा नव्हती. ती जागा आपणही अजून नीट करून दिलेली नाही.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. म्हातारपणी लग्न तरी करा, लिव्ह-इन कशाला? पण याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. केंद्र सरकारच्या नियमांत मुलं असलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं कुटुंब निवृत्तिवेतन बंद होतं. शिवाय वारसाहक्काचे प्रश्न उभे राहतात ते वेगळेच. कॅलिफोर्नियाला हीच अडचण १९९९ मध्ये दिसली होती. लग्नाशिवायच्या सहजीवनाची नोंदणी करण्याचा कायदा तेव्हा झाला. तो प्रामुख्याने समलिंगी जोडप्यांसाठी होता, पण ६२ वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांनाही त्यात मुभा दिली गेली, कारण पुनर्विवाहाने त्यांच्या पेन्शनवर गदा येऊ शकत होती. २०२० पासून ती नोंदणी सगळ्याच प्रौढांना खुली आहे. प्रेमाला वयाची अट नाही असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा पेन्शनचा विचार करणारा हा कायदा मला जास्त माणुसकीचा वाटतो.

मुलांचा पहिला प्रश्न फ्लॅटचा असतो. तो मी क्षुद्र मानत नाही. आईवडिलांनी काटकसर करून घेतलेलं ते घर असतं. त्यावर नोंदणीकृत मृत्युपत्र हा उपाय आहे, आणि मन असेल तर ते एका बैठकीत ठरतं. अवघड असते ती लाज. ठाण्याच्या मावशी काय म्हणतील, ही धास्ती सात समुद्र ओलांडूनही सुटत नाही. सगळ्याच आज्यांना सोबती हवा असतो असंही नाही. कुणाला नातवंडांतच खरं सुख असतं, तर कुणाला आयुष्यात पहिल्यांदाच एकटं राहायला मिळालेलं असतं आणि ते सोडायचं नसतं. पण हे त्यांना विचारल्याशिवाय कळायचं कसं?

शिवाय डब्लिनहून निघालेला मुलगा पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत दीड दिवस तरी जातो. तोवर आयसीयूच्या दाराशी जो माणूस बसून असेल, त्याला ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ असं विचारलं जाणारच. या प्रश्नाचं उत्तर आईने धडधाकट असतानाच, मुलाच्या देखत, कागदावर लिहून ठेवलेलं असावं.