लवण, जल आणि अवयवी

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी वरून, मधून व तळातून चाखायला लावतो; मीठ दिसत नाही, पण चव सर्वत्र लागते, आणि त्यावरून सत् हे तत्त्व सर्वांत कसे भरून आहे हे तो मुलाला सांगतो. शेगाव ज्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात वसले आहे, तेथील श्रोत्याला हा दृष्टान्त फार उलगडून सांगावा लागत नाही, कारण अनेक विहिरींचे पाणीच खारे आहे आणि सोडियममुळे चोपण झालेली काळी माती पावसाचे पाणी खाली मुरू देत नाही.

विरघळलेले मीठ मात्र एक जुना वाद उभा करते: घटक मिळून काही नवे बनते की ते नुसते एकत्र असतात? वैशेषिक दर्शनाच्या मते अवयव, म्हणजे घटक, एकत्र आले की अवयवी हे नवे, खरेखुरे द्रव्य उत्पन्न होते. बौद्धांच्या मते समूहापलीकडे वेगळे काहीच नसते.

या वादाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत एक विलक्षण उदाहरण लाभले. निर्वात पोकळीत बारीक छिद्रातून सुटलेली पाण्याची वाफ एकदम थंड होऊन तिचे मोजक्या रेणूंचे गुच्छ बनतात, ते सोडियमच्या बाष्पातून जाताना एखादा अणू उचलतात, आणि त्यांच्यावर लेसरचा प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढला जातो. यालाच प्रकाश-आयनीभवन म्हणतात. एकट्या सोडियम अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास 5.14 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा, म्हणजे अतिनील प्रकाशाची, लागते, तर एकट्या पाण्याच्या रेणूला सुमारे 12.6 लागतात. जर्मनीतील हर्टेल आणि शुल्ट्स यांच्या गटाला असे आढळले की गुच्छात पाण्याचे रेणू वाढू लागताच सोडियमचा इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा उतरते, चार रेणूंपाशी ती सुमारे 3.2 वर येते आणि पुढे रेणू वाढले तरी जवळजवळ तेथेच राहते. तो इलेक्ट्रॉन आता पूर्वीसारखा सोडियमचा उरलेला नसतो, आणि कोणत्याही एका रेणूचाही नसतो. तो गुच्छाचा असतो. येथे वैशेषिकांचे पारडे निःसंशय जड होते.

संत गजानन महाराजांच्या समाधीच्या शेगावात त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे आहे, त्यामुळे अशा निष्कर्षावरून अद्वैत सिद्ध झाल्याचे सांगण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण तो आवरलाच पाहिजे, कारण उद्दालकाचे सत् मोजता येणाऱ्या ऊर्जेचे नाव नव्हे, आणि श्रद्धेला असा उसना पुरावा देणे हा श्रद्धेचाच अवमान आहे.

शिवाय प्रयोग वैशेषिकांनाही पूर्ण मोकळे सोडत नाही. पाण्याऐवजी अमोनिया घेतला तर तीच ऊर्जा चारपाशी न थांबता रेणूंगणिक उतरतच जाते. 2012 मध्ये उडो बुक व सहकाऱ्यांनी सोडियमयुक्त गुच्छांवरच दाखवले की पाण्यात बर्फाची स्फटिकरचना सुमारे 275 रेणूंच्या आसपास दिसू लागते. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने चार रेणू पुरेसे, बर्फाच्या दृष्टीने पावणेतीनशेही जेमतेम. म्हणजे अवयवी एका क्षणी सर्व गुणांसह अवतरत नाही, प्रत्येक गुणासाठी त्याचा जन्म वेगळ्या संख्येपाशी होतो, आणि द्व्यणुक-त्र्यणुकांच्या पायऱ्या मांडणाऱ्या वैशेषिक शास्त्राला ही भर स्वीकारावी लागेल.